सहा मिनिटं मागे पडलेले ओव्हन

"किती मागे?" ड्योर्फलरनी विचारलं.

"चार मिनिटं दहा सेकंद," मिलेना हातातल्या कागदावरून म्हणाली. "हा कालचा शेवटचा फोन. त्याच्या आधीचा चार मिनिटं. त्याच्या आधीचा पावणेचार."

"आणि सगळे नव्या मॉडेलचे?"

"सगळे नव्या मॉडेलचे."

यावर मीटिंग रूममधल्या सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. कारण नव्या मॉडेलचं घड्याळ मी लिहिलं होतं.

ही दोन हजार अठराच्या फेब्रुवारीअखेरची गोष्ट. न्यूर्नबर्गजवळच्या एका छोट्या गावात आमची कंपनी स्वयंपाकघरातले ओव्हन बनवायची. मी तिथे फर्मवेअर इंजिनिअर. फर्मवेअर म्हणजे यंत्राच्या आतल्या चिपवर चालणारा प्रोग्रॅम. बटण दाबल्यावर बीप करायचं, दोनशे अंशांवर थांबायचं, केक झाला की ओरडायचं, हे सगळं तो बघतो. पुण्याहून येऊन मला तेव्हा पाच महिने झाले होते. जर्मनीत नोकरीचे पहिले सहा महिने प्रोबेत्साइट असते, म्हणजे एकमेकांना पारखण्याचा काळ. त्या काळात कंपनी फारशी कारणं न देता तुम्हाला घरी पाठवू शकते. आणि माझा व्हिसा नोकरीला बांधलेला, त्यामुळे 'घरी' म्हणजे थेट पुण्याला.

"फ्राऊ पाटणकर, तुमची प्रोबेत्साइट मार्चअखेर संपते ना?" ड्योर्फलरनी विचारलं. ते आमच्या डिपार्टमेंटचे प्रमुख. स्वभावाने गरीब माणूस. धमकी देत नव्हते, समोर उघडलेल्या कॅलेंडरमध्ये जे दिसलं ते वाचत होते.

"हो," मी म्हटलं.

"आल्झो," म्हणजे 'तर मग', ते म्हणाले, "पुढच्या शुक्रवारपर्यंत चूक सापडली तर ठीक. नाहीतर माणसं घरोघरी पाठवून प्रत्येक ओव्हनची चिप बदलावी लागेल."

घड्याळ कसं चालतं ते आधी सांगते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. भिंतीच्या सॉकेटमधून येणारी वीज सरळ वाहत नाही, ती हेलकावे खाते. सेकंदाला पन्नास हेलकावे. बहुतेक ओव्हन हेच मोजतात. पन्नास झाले की एक सेकंद पुढे. वेगळं घड्याळ लागत नाही. आणि ही पद्धत अतिशय भरवशाची, कारण वीज पुरवणारे लोक या हेलकाव्यांची फार काळजी घेतात. एखाद्या दिवशी थोडे कमी पडले, तर पुढच्या काही दिवसांत थोडे जास्त देऊन भरून काढतात. वर्षानुवर्षं ओव्हन त्यांच्या जिवावर बिनचूक चालत आले होते. नव्या चिपसाठी हा मोजणीचा भाग मी परत लिहिला होता. जानेवारीच्या मध्यात तो कारखान्यात गेला आणि तेव्हापासून ओव्हन मागे पडायला लागले. पोलिसांनासुद्धा एवढा सरळ पुरावा मिळत नसेल.

मी माझा कोड ओळ न् ओळ वाचला. परत वाचला. मग बेस्निककडे गेले.

बेस्निक आमच्या टेस्ट लॅबचा टेक्निशियन. चार ओळींचं काम असो की चाळीस, तो आधी कॉफी करतो आणि मग बोलतो. त्याने नव्या मॉडेलचे तीन ओव्हन ओळीने मांडले, आणि आठवडाभर आम्ही त्यांच्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघत बसलो. आठवड्यानंतर फरक किती? शून्य. एक सेकंदसुद्धा नाही.

"तुझे ओव्हन उत्तम आहेत," बेस्निक म्हणाला. "गिऱ्हाइकं खराब आहेत."

हे ड्योर्फलरना सांगण्यासारखं नव्हतं. गुरुवार उजाडला होता.

त्या संध्याकाळी मी हेर्त्सोगेनआउराखला घरी आले, तर सासूबाई वैतागलेल्या. जानेवारीपासून त्या आमच्याकडे होत्या. सईला, म्हणजे माझ्या चार वर्षांच्या मुलीला, रोज सकाळी किटाला, म्हणजे बालवाडीला, सोडायचं काम त्यांनी आपणहून घेतलं होतं.

"हे लोक वेळेचे पक्के म्हणतात ना?" त्या म्हणाल्या. "आज परत बस गेली. आठ बाराची बस आठ वाजून सात मिनिटांनी निघून गेली. तिसऱ्यांदा!"

"अहो आई, जर्मनीत बस उशिरा येते एक वेळ, लवकर जात नाही."

"मी काय खोटं सांगतेय? घड्याळ बघूनच निघते मी."

"कुठलं घड्याळ?"

"ते काय, ओव्हनवरचं. एवढे मोठे आकडे दुसरीकडे कुठे आहेत तुमच्या घरात?"

सईने मध्येच जर्मनमध्ये जाहीर केलं की ओव्हनचं घड्याळ खोटं बोलतं, आणि हे तिने आजीला आधीच सांगितलं होतं. आजीला जर्मन येत नाही, हा सईचा दोष नव्हता.

मी मोबाइल ओव्हनशेजारी धरला. ओव्हन पाच मिनिटं मागे. तो घरमालकाने बसवलेला, दहा-बारा वर्षांचा जुना आणि भलत्याच कंपनीचा ओव्हन होता. माझ्या कोडचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. मग मी बेडरूममध्ये पळाले. नवऱ्याचा जुना रेडिओ-अलार्म प्लगवर चालायचा. तोही पाच मिनिटं मागे. भिंतीवरचं सेलचं घड्याळ मात्र बरोबर.

"आई," मी म्हटलं, "तुम्ही माझी नोकरी वाचवलीत."

"ते राहू दे. उद्या बस कितीला ते सांग."

शुक्रवारी सकाळी सातला मी लॅबमध्ये होते. बेस्निक आल्याआल्या मी विचारलं, "आपले तीन ओव्हन कशावर लावलेत?"

"पॉवर सोर्सवर. नेहमीसारखे."

पॉवर सोर्स म्हणजे लॅबमधलं एक मोठं कपाटाएवढं यंत्र. ते स्वतः वीज घडवून देतं, आणि ती अगदी शुद्ध असते. बरोबर पन्नास हेलकावे, रेसभर कमी नाही की जास्त नाही. आम्ही आठवडाभर ओव्हनना आदर्श वीज पाजत होतो आणि गिऱ्हाइकांच्या घरी ती मिळत नव्हती.

"भिंतीच्या सॉकेटला लाव," मी म्हटलं. "आणि फ्रिक्वेन्सी मीटर काढ."

त्याने कॉफी न करता मीटर काढला, यावरून त्याला किती घाई झाली ते समजावं. आकडा पन्नासच्या किंचित खाली डोलत होता. ड्योर्फलरकडून मी सोमवारपर्यंत मुदत मागून घेतली. सोमवारी सकाळी सरासरी काढली: पन्नासच्या ऐवजी एकोणपन्नास पूर्णांक नव्याण्णवच्या पुढे थोडीशी. ऐकायला काहीच नाही. पण दिवसाला सहा-सात सेकंद मागे पडतात. जानेवारीच्या मध्यापासून मोजा, गिऱ्हाइकांचे आकडे बरोबर जुळतात.

मिलेनाकडे गेले. ती कस्टमर सर्व्हिस सांभाळायची.

"जुन्या ओव्हनबद्दल काही तक्रारी आल्यात का गं?"

"भरपूर," ती शांतपणे म्हणाली. "त्यांना मी सांगते, घड्याळ परत लावून घ्या."

"मग मीटिंगमध्ये का नाही बोललीस?"

"मला नव्या मॉडेलची यादी मागितली होती. नव्या मॉडेलची दिली."

ती चूक नव्हती. प्रश्न आम्ही चुकीचा विचारला होता.

हे ऐकल्यावर ड्योर्फलर खुर्चीत मागे रेलले. चिपा बदलायच्या नाहीत म्हणून त्यांचा चेहरा खुलला आणि लगेच पडला. "मग बिघाड कुणाचा?"

मी स्थानिक वीज कंपनीला फोन लावला. तिकडच्या माणसाला माझ्याआधी बऱ्याच जणांनी पिडलेलं असावं. "पोर्तुगालपासून तुर्कस्तानपर्यंत सगळी तार एकच आहे," तो म्हणाला. "कुठेतरी कुणीतरी जेवढी वीज वापरतंय तेवढी तयार करत नाहीये. कोण, ते लवकरच सांगतील."

दुसऱ्याच दिवशी सांगितलं. सकाळी मी ऑफिसात शिरले तर काफेक्युशे, म्हणजे आमची कॉफीची खोली, गच्च भरलेली. मधोमध ड्योर्फलर मोबाइलवर बातमी मोठ्याने वाचत होते: युरोपातली घड्याळं सहा मिनिटं मागे पडण्याचं कारण, सर्बिया आणि कोसोवो यांच्यातला विजेचा वाद.

खोलीच्या एका टोकाला बेस्निक होता. दुसऱ्या टोकाला मिलेना. सगळे आळीपाळीने दोघांकडे बघत होते, टेनिस बघावं तसे.

बेस्निक प्रिश्टिनाचा, कोसोवोतला अल्बेनियन. नव्वदच्या दशकाअखेरच्या युद्धात नऊ वर्षांचा असताना आईवडिलांबरोबर पळून जर्मनीत आला. मिलेना कोसोवोच्या उत्तरेकडची सर्ब. तिच्या गावाच्या मधून नदी वाहते. एका काठावर सर्ब, दुसऱ्या काठावर अल्बेनियन, आणि पुलावर पहाऱ्याला परदेशी सैनिक. एकाच ऑफिसात तीन वर्षं काढूनही ही दोघं एकमेकांना फक्त "मॉर्गन", म्हणजे गुड मॉर्निंग, म्हणायची. भांडण कधीच नाही. पण कॅन्टीनमध्ये एक खिडकीशी, तर दुसरं दाराशी.

वाद सोपा करून सांगते. दोघांच्याही मते मी तो चुकीचाच सांगते. कोसोवोत बहुसंख्य अल्बेनियन. दोन हजार आठ साली त्यांनी सर्बियापासून स्वतंत्र झाल्याचं जाहीर केलं. सर्बिया म्हणतो, हा आमचाच भाग. अमेरिका आणि जर्मनीसह बरेच पाश्चात्त्य देश कोसोवोला देश मानतात, रशिया आणि चीन मानत नाहीत. उत्तरेकडच्या चार तालुक्यांत मात्र सर्ब बहुसंख्य. ते प्रिश्टिनाची सत्ता मानत नाहीत, त्यामुळे तिथे विजेचं बिलही कुणी भरत नाही. शिवाय कोसोवोत वीज कमी पडली तर ती भरून काढायची जबाबदारी कागदावर सर्बियाच्या वीज कंपनीची. युरोपीय संघाने दोघांना बसवून करार करून दिला होता, तो अंमलात आला नव्हता. त्या हिवाळ्यात कोसोवोत वीज कमी पडली, सर्बियाने भरली नाही, आणि सईची बस चुकली.

"तुमचे लोक वीज वापरतात आणि पैसे देत नाहीत," बेस्निक म्हणाला. मिलेनाशी तो एवढं लांब वाक्य पहिल्यांदाच बोलत होता.

"द्यायचे कुणाला?" मिलेना म्हणाली. "आमच्या कंपनीला तिथे काम करायची परवानगी द्या, मग देतो."

"ती तुमची कंपनी नाही. बेलग्रेडची आहे."

"आणि तुमच्यामागे वॉशिंग्टन आहे, ते चालतं?"

"तुमच्यामागे मॉस्को आहे!"

"आल्झो," ड्योर्फलर म्हणाले, "माझ्यामागे गिऱ्हाइकं आहेत. ओव्हनचं काय करायचं?"

बेस्निकने वैतागून माझ्याकडे मोर्चा वळवला. "आणि तू काय हसतेस? तुझा देशही मला मानत नाही. भारताने अजून कोसोवोला मान्यता दिलेली नाही."

हे मला माहीत नव्हतं. मिलेनाला होतं. ती पहिल्यांदाच माझ्याकडे प्रेमाने बघत होती.

"मी मानते," मी बेस्निकला म्हटलं. "मला तुझा मीटर रोज लागतो."

त्यावर तो नाइलाजाने हसला. खोली रिकामी झाली. ड्योर्फलरनी आम्हा तिघांना थांबवून घेतलं.

काम असं होतं: गिऱ्हाइकांसाठी वेबसाइटवर आणि फोनवर सांगायला एक छोटा मजकूर हवा होता. खरा प्रश्न एकच. लोकांना घड्याळ परत लावायला सांगायचं का?

"अर्थात सांगायचं," ड्योर्फलर म्हणाले. "घड्याळ चुकलं की आपण परत लावतो."

"थांबा," मी म्हटलं. "मागे पडलेले हेलकावे वीजवाले पुढे भरून काढतात. तसं झालं तर सगळी घड्याळं आपोआप बरोबर होतील. आणि ज्यांनी हात लावला असेल त्यांची सहा मिनिटं पुढे जातील. मग तेच लोक परत फोन करतील, या वेळी जास्त चिडून."

"गेनाऊ, अगदी बरोबर. पण भरून काढतील याची खात्री काय? बातमीत म्हटलंय, हरवलेली वीज कोण देणार ते ठरलेलं नाही. एकमेकांना मानत नाहीत ते लोक एकमेकांची वीज भरतील?"

"नाही," बेस्निक म्हणाला.

"कधीच नाही," मिलेना म्हणाली.

तीन वर्षांत दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं, तेही माझ्या विरोधात.

मी विचार केला. वीजजाळ्याचा नियम मला ठाऊक होता. तिथली माणसं ठाऊक नव्हती. "तुमच्या ओळखीचं तिकडे विजेच्या खात्यात कुणी आहे का?" मी विचारलं.

बेस्निक म्हणाला, "माझा चुलतभाऊ प्रिश्टिनात कंट्रोल रूममध्ये आहे. कुठे किती वीज जाते ते बघतो."

"माझा मामा सबस्टेशनवर आहे," मिलेना म्हणाली. "उत्तरेकडे."

"मग लावा फोन."

बेस्निक कॉरिडॉरच्या या टोकाला गेला, मिलेना त्या टोकाला. ड्योर्फलर आणि मी मध्ये उभे. एक अल्बेनियनमध्ये बोलत होता, दुसरी सर्बियनमध्ये. आवाजावरून दोन्हीकडे आधी तब्येतीच्या चौकश्या, मग लग्नकार्यं आणि शेवटी वीज असा क्रम वाटला. हे मला अगदी घरच्यासारखं होतं.

बेस्निक आधी परत आला. "तो म्हणतो, तूट थांबलीये. तीन दिवसांपूर्वीच. आता जेवढी वापरतात तेवढी तयार होतेय. उत्तरेकडचे आकडेही बरोबर येतायत."

"त्याला उत्तरेकडचे आकडे कसे कळतात? तुम्ही बोलत नाही ना त्यांच्याशी?" मी विचारलं.

"सरकारं बोलत नाहीत. कंट्रोल रूमला बोलावंच लागतं, नाहीतर अंधार होईल." मग तो जरा चाचरला. "तिकडे एक म्हातारा आहे म्हणे. रोज फोन करतो, आधी शिव्या देतो, मग बिनचूक आकडे देतो. भावाने त्याच्याकडून सर्बियन शिव्या पाठ केल्यात."

मिलेना तोवर मागे येऊन उभी राहिली होती. "शिव्या देण्याआधी खोकतो का तो?"

बेस्निकने परत फोन कानाला लावून विचारलं. "हो. खोकतो."

"तो माझा मामा," मिलेना म्हणाली आणि भिंतीला टेकून हसायला लागली. "उत्तरेत मोठं सबस्टेशन एकच आहे. मामा मला आत्ता सांगत होता, प्रिश्टिनाला एक पोरगा आहे, गाढव आहे, पण त्याचा आकडा कधी चुकत नाही."

"गाढव म्हणाला?"

"म्हणाला."

बेस्निकने फोनवर ते इमानदारीने कळवलं. पलीकडून मोठ्याने हसण्याचा आवाज आम्हालाही ऐकू आला.

त्यांच्यात काही मिटलं नाही. वीस मिनिटांनी मजकूर लिहायला बसलो तेव्हा परत जुंपली. 'सर्बिया आणि कोसोवो यांच्यातल्या वादामुळे' असं मी लिहिलं, तर मिलेना म्हणाली, ही दोन देशांची नावं असल्यासारखं वाटतं. 'सर्बियातल्या वादामुळे' लिहिलं, तर बेस्निक उठून उभा राहिला. 'युरोपच्या एका कोपऱ्यातल्या' लिहिलं, तर दोघंही रागावले: कोपरा कुणाला म्हणतेस? शेवटी ड्योर्फलर म्हणाले, "माझ्या गिऱ्हाइकाला केक भाजायचा आहे." आणि आम्ही लिहिलं: 'युरोपच्या वीजजाळ्यातल्या तुटीमुळे आपलं घड्याळ मागे पडलं आहे. ओव्हन व्यवस्थित आहे. कृपया घड्याळाला हात लावू नका. काही आठवड्यांत ते आपोआप बरोबर होईल.'

"आणि नाही झालं तर?" सही करायच्या आधी ड्योर्फलरनी मला विचारलं.

"माझी प्रोबेत्साइट अजून संपलेली नाही," मी म्हटलं.

त्यांनी सही केली.

पुढचे चार आठवडे बेस्निक आणि मी रोज सकाळी मीटर बघायचो. दोन-तीन दिवसांत आकडा पन्नासच्या वर गेला, अगदी केसभर, आणि वरच राहिला. कुणीतरी हेलकावे परत देत होतं. लॅबच्या सॉकेटवरचा ओव्हन आम्ही मुद्दाम गिऱ्हाइकांच्या ओव्हनइतका मागे लावून ठेवला होता; तो रोज थोडा थोडा पुढे सरकायला लागला. मधल्या काळात आणखी एक भानगड आली. मार्चच्या शेवटच्या रविवारी अख्खी जर्मनी घड्याळं एक तास पुढे करते. त्या वेळी लोक मिनिटंसुद्धा नीट करणार, हे उघड होतं. मिलेनाने तीन दिवस फोनवर प्रत्येकाला एकच वाक्य सांगितलं: तास बदला, मिनिटांना हात लावू नका. एका आजोबांनी तिला विचारलं, हे कोणत्या धर्मात सांगितलंय?

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात लॅबमधला ओव्हन आणि मोबाइल एकाच सेकंदाला आठ वाजल्याचं दाखवत होते. बेस्निकने कॉफी केली, तीन कप. तिसरा तो स्वतः सर्व्हिसमध्ये नेऊन ठेवून आला. परत आल्यावर म्हणाला, "मामाला बरं नाही म्हणे. खोकला वाढलाय." एवढंच. कॅन्टीनमध्ये दोघं आजही वेगवेगळ्या टेबलांवर बसतात.

माझी नोकरी पक्की झाल्याचं पत्र ड्योर्फलरनी हातात आणून दिलं. द्यायला आले ते दारातच घुटमळले.

"फ्राऊ पाटणकर, एक खाजगी प्रश्न. आमच्या घरचा ओव्हन पाच मिनिटं पुढे चाललाय."

"तुम्ही घड्याळ परत लावलं होतं?"

"बायकोने लावलं." मग म्हणाले, "मी लावायला सांगितलं. तुमचा मजकूर मी वाचला होता, पण मला वाटलं नव्हतं की ते लोक खरंच परत देतील."

ओव्हनचं घड्याळ कसं लावायचं ते मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. चाळीस वर्षं ओव्हन बनवणाऱ्या कंपनीचे ते डिपार्टमेंट प्रमुख होते.

त्यानंतर मी बऱ्याच यंत्रांसाठी कोड लिहिला. एखादं यंत्र चुकलं की आधी माझा कोड तपासते, कारण दहापैकी नऊ वेळा चूक तिथेच असते. मग यंत्र कशाला जोडलंय ते बघते. आणि तरी कारण सापडलं नाही, तर अशा माणसाला फोन करायला सांगते ज्याचा मामा सबस्टेशनवर आहे.